भाऊजींशी भांडायचं नाही

“भाऊजींची जबाबदारी आता माझी,” असं गुंड्यानं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या ताईनं आधी गॅस बंद केला आणि मग कपाळाला हात लावला. गुंड्या जबाबदारी घेतो म्हणाला की घरात पेटतं काही ठेवू नये, हे ती लहानपणापासून शिकली होती.

गुंड्या तसा पन्नाशीला आलेला गृहस्थ. पण लहानपणी चिकटलेलं नाव सुटलं नव्हतं आणि खोड्याही सुटल्या नव्हत्या. त्याचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा त्यानं शेजारच्या शिंप्याच्या कपाटात स्पीकर लपवून, अर्धवट शिवलेल्या कोटाकडून “बाही आखूड झाली हो” असं वदवलं होतं. शिंपी पुढे कितीतरी दिवस त्या कोटाला ‘अहो’ म्हणत होता.

तर अशा माणसाच्या हातात भाऊजींचं हृदय आलं.

भाऊजींना हार्ट अटॅक येऊन गेला होता. वेळेवर दवाखान्यात नेलं, नळी उघडली, सगळं बेतशीर झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी ताईला आणि गुंड्याला समोर उभं करून सूचना दिल्या. गोळी एकही चुकवायची नाही, सिगारेटचं नाव काढायचं नाही, मीठ कमी, रोज थोडं थोडं वाढवत चालायचं, आणि दवाखान्यात सिस्टर घेतात त्या वर्गाला यायचं. हा वर्ग अटॅक येऊन घरी गेलेल्या लोकांचा. तिथं व्यायाम करून घेतात, खाण्यापिण्याचं सांगतात आणि मनातली भीती बोलायला लावतात. ताईनं हे सगळं कान देऊन ऐकलं. गुंड्या त्या वेळी पलंगाचा दांडा फिरवून भाऊजींना वरखाली करून बघत होता. त्याच्या कानात शेवटचं वाक्य तेवढं शिरलं: “आणि मनावर फार ताण नको.”

हे ऐकून गुंड्या गंभीर झाला. कारण भाऊजी आणि ताण यांचं नातं त्याला चांगलं ठाऊक होतं. फक्त भाऊजी तो घेत नसत, वाटत असत.

भाऊजी वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेला. समोरचा माणूस आपल्याला फसवतोय यावर त्यांचा गाढ विश्वास होता आणि त्या विश्वासावरच ते जगत होते. पेट्रोल पंपावर ते माप मागत. कापडवाल्याच्या गजाला स्वतःची पट्टी लावत. न्हाव्यालासुद्धा “दोन्ही कल्ले सारखे आहेत का, दाखव,” म्हणून आरशासमोर उभं करत. संध्याकाळी बाजारात चक्कर मारून कोणाशी तरी कडाडून भांडल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

“हे बंद झालं पाहिजे,” गुंड्या म्हणाला.

“डॉक्टर तसं नाही म्हणाले,” ताई म्हणाली.

“डॉक्टरांना भाऊजी माहीत नाहीत.”

सल्ला द्यायला वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर टपूनच बसले होते. ते जिन्यात भेटले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “माझ्या चुलत सासऱ्यांना अटॅक आला होता. घरी आले, चांगले हिंडूफिरू लागले. एक दिवस सुनेनं नुसतं ‘नाही’ म्हटलं. खलास.”

“कशाला नाही म्हटलं?”

“ते कळलंच नाही. सांगायच्या आत गेले.”

गुंड्याला एवढं पुरलं. त्यानं त्याच दुपारी चप्पल चढवली आणि मोहीम काढली. न्हावी, औषधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरची फळवाली मावशी, सगळ्यांना गाठून एकच मंत्र दिला. भाऊजींशी भांडायचं नाही. ते म्हणतील ते खरं. ते दिवसाला रात्र म्हणाले तर दिवा लावायचा.

“आणि माझं वजन कमी आहे म्हणाले तर?” मावशीनं विचारलं.

“हो म्हणायचं. वर चार फळं जास्त टाकायची.”

“मी कमी तोलत नाही!”

“ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. त्यांच्या हृदयाला माहीत नाही.”

सुरुवातीला सगळं झकास चाललं. भाऊजी खाली पाय मोकळे करायला निघाले की सगळी गल्ली त्यांच्याकडे बघून मान डोलावू लागली. ते पेपरवाल्याला म्हणाले, “काल पेपर उशिरा आला.” पेपरवाला म्हणाला, “चूक झाली साहेब.” खरं तर काल पेपर वेळेआधी आला होता. न्हाव्यानं विचारण्याआधीच दोन्ही कल्ले मोजून दाखवले. पोस्टमास्तर बुद्धिबळ खेळायला आले आणि वजीर भाऊजींच्या हत्तीच्या तोंडी नेऊन ठेवला. भाऊजींनी दोनदा सांगितलं, “मास्तर, वजीर मरतोय.” मास्तर म्हणाले, “तुमच्या हातून मरतोय, भाग्य त्याचं.”

एवढ्यावर थांबतील ते मास्तर कसले? भाऊजींच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी गळायचं, ते मास्तरांच्या मोरीतून येतं की गच्चीवरून, हा वाद कित्येक वर्षं चालू होता. दोघांनी त्यावर तारुण्य खर्ची घातलं होतं. जाताजाता मास्तर दारात थांबले, हात जोडले आणि म्हणाले, “पाणी माझंच आहे हो. मला माफ करा.”

भाऊजींनी दार लावून घेतलं. पण गुंड्या बारकाईनं बघत असता, तर त्यांचा चेहरा उतरलेला त्याला दिसला असता. गुंड्या त्या वेळी स्वतःच्या व्यवस्थापनकौशल्यावर खूश होऊन भाऊजींच्या वाटणीचं बिस्किट खात होता.

दुसऱ्या दिवशी भाऊजी फळं आणायला गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले. पिशवी टेबलावर ठेवून खुर्चीत बसले.

“काय झालं? दुखतंय का?” ताई घाबरून म्हणाली.

“तिनं वर दोन संत्री टाकली.”

“मग चांगलं झालं की.”

“चांगलं?” भाऊजी छताकडे बघत म्हणाले. “अगं, मी अख्खी नोकरी बाजारात काढली. गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकलेलं पारडं मी जन्मात पाहिलं नाही. मास्तर माफी मागतो, फळवाली फुकट संत्री देते, न्हावी माझ्याकडे बघून डोळे पुसतो. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?”

“काय कळतं?”

“डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलंय. माझे दिवस भरत आलेत.”

ताईनं परोपरीनं सांगितलं. गुंड्यानं छाती ठोकून सांगितलं, “भाऊजी, तुम्ही ठणठणीत आहात!” भाऊजींनी त्याच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की गुंड्याच्या अंगावर काटा आला. आजवर त्यांनी त्याच्याकडे कधी मायेनं पाहिलं नव्हतं. संशयानं पाहिलं होतं, आणि ते योग्यच होतं.

“बरोबर आहे,” भाऊजी म्हणाले. “तुला असंच सांगायला सांगितलं असणार.”

आता याच्यावर माणसानं काय बोलावं? ज्या घरात सगळेच हो म्हणतात, त्या घरात खरं हो कुठलं आणि खोटं कुठलं, हे ओळखायचं कसं? गुंड्यानं स्वतःच्या हातानं सगळ्या गल्लीचं नाणं खोटं पाडलं होतं.

त्या दिवसापासून भाऊजींनी चालणं सोडलं. वर्गाला जायचं टाळलं. भर दुपारी डोक्यावरून पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडू लागले. ताईनं गाद्या उन्हात टाकायला काढल्या, तर उशीच्या अभ्र्यात गोळ्या. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. घेतो घेतो म्हणत त्यांनी तिथं साठवल्या होत्या. ताई अभ्रा हातात धरून तशीच उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. गुंड्याला ते जास्त लागलं.

“तू जबाबदारी घेतली होतीस ना?” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात भाऊजींनी आतून हाक मारली. त्यांच्या मांडीवर पितळी वजनांची पेटी होती. ही पेटी त्यांनी कोणाला पुसूसुद्धा दिली नव्हती.

“ही तुला ठेव,” ते म्हणाले. “तू वापरणार नाहीस, माहीत आहे. पण तुझ्या दुकानात निदान एक तरी खरी वस्तू असू दे.”

टोमणा होता, पण त्यात जीव नव्हता. गुंड्या पेटी घेऊन बाहेर आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकही विनोद सुचला नाही.

तो तडक दवाखान्यात गेला. सिस्टर वर्ग घेत होत्या. जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलींवर चारदोन काका घाम गाळत होते आणि एकमेकांच्या सायकली हळू चालतात म्हणून चिडवत होते. सिस्टरनी गुंड्याची सगळी कहाणी ऐकली. त्यांचा चेहरा आधी आश्चर्याचा झाला, मग हसण्याचा, आणि गोळ्यांचं ऐकल्यावर एकदम कडक.

“गोळ्या बंद? आधी हे ऐका. आज, आत्ता त्यांना इथं घेऊन या. डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि त्यांच्याशी भांडू नका असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“ताण नको म्हणाले ना…”

“अहो, फळवालीशी दोन शब्द झाले म्हणून काही होत नाही. तब्येतीबद्दल सगळे लपवतायत असं वाटणं, हा केवढा ताण आहे! अटॅकनंतर पुष्कळांना निराशा येते, आम्ही त्यावर बोलतो, मार्ग काढतो. तुम्ही तर त्यांची अंत्ययात्राच काढलीत गल्लीतून.”

“आता काय करू?”

“सरळ वागा. नेहमीसारखे वागा. बस.”

सरळ वागणं आणि नेहमीसारखं वागणं या दोन गोष्टी गुंड्याच्या बाबतीत एकत्र बसत नव्हत्या. त्यानं दुसरी निवडली.

कारण अडचण अशी होती, की भाऊजी दवाखान्यात यायलाच तयार नव्हते. “मेल्यावर ने,” म्हणत होते. त्यांना पटवायचं तर तोंडाचा उपयोग नव्हता, पुरावा हवा होता. आणि भाऊजी आयुष्यभर एकाच जातीचा पुरावा मानत आले होते. कोणीतरी त्यांना फसवायला हवं होतं.

गुंड्या फळवाल्या मावशीकडे गेला. “मावशी, भाऊजींना कमी तोलून दे.”

मावशीनं हातातलं सफरचंद खाली ठेवलं. “परवा म्हणालास जास्त टाक. आज म्हणतोस माप मार. मी काय तुझ्या घरची कळसूत्री बाहुली आहे? माझ्या आईनं या गाड्यावर धंदा केला, मी केला. कोणाला गुंजभर कमी दिलं नाही. मला येतच नाही ते!”

“मी शिकवतो.”

“तुला येतं?”

“थोडं थोडं.” गुंड्यानं खिशातून जुन्या स्पीकरचा लोहचुंबक काढला. “फळाच्या पारड्याखाली चिकटवायचा, त्याच्या वजनाइतकं फळ कमी जाईल. बाकी काही करायचं नाही. मावशी, माणूस हातचा चाललाय. गोळ्या टाकून दिल्यात त्यांनी.”

मावशीनं तराजूकडे पाहिलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, “भांडायला आले नाहीत तर मलाही दुकान सुनंसुनं लागतं. चिकटव. पण काही झालं तर मी तुझं नाव सांगणार.”

“सांग, सांग,” गुंड्या उदारपणे म्हणाला. हे वाक्य त्याला महागात पडणार होतं.

ताईनं गुडघा दुखत असल्याचं नाटक केलं आणि भाऊजींना सफरचंदं आणायला धाडलं. भाऊजी पाय ओढत, भिंतीच्या कडेकडेनं निघाले. गुंड्या आडवाटेनं पुढे जाऊन मावशीशेजारच्या रिकाम्या हातगाडीमागे दबा धरून बसला. न्हावी, पेपरवाला आणि पोस्टमास्तर यांना त्यानं काही सांगितलं नव्हतं, म्हणून ते सगळे आधीच तिथं जमले होते.

मावशीनं सफरचंदं पारड्यात टाकली. पारडं धपकन खाली गेलं. भाऊजी पिशवीचं तोंड उघडून उभे होते. त्यांचे हात थांबले. मान किंचित तिरकी झाली. डोळे बारीक झाले.

“परत टाक,” भाऊजी म्हणाले.

“काय परत टाक?” मावशी म्हणाली. नाटकाची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती गरजेपेक्षा मोठ्यानं बोलली. “घ्यायची तर घ्या! नाहीतर चालते व्हा!”

सगळी गल्ली वळून बघू लागली. कितीतरी दिवसांत भाऊजींना कोणी ‘चालते व्हा’ म्हटलं नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या गालांवर हळूहळू रंग चढू लागला.

“चालता होऊ? मी?” त्यांनी बोट पारड्याखाली घातलं. टक्. लोहचुंबक हातात आला. तो त्यांनी उजेडात धरला, आणि सापडलेल्या रत्नाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. “चोर! भर दिवसा चोर! लोकहो, बघा!”

“ओरडू नका, गिऱ्हाईक पळतं!”

“पळू दे! सगळं गाव पळू दे!”

हातगाडीमागे गुंड्या आनंदानं स्वतःच्याच मांडीवर थापा मारत होता. मोहीम फत्ते! आता भाऊजी मनसोक्त भांडतील, घरी जातील, गोळी घेतील, मग दवाखाना. पण एक गोष्ट तो विसरला होता. भाऊजी म्हणजे नुसते गिऱ्हाईक नव्हते, ते खातं होतं. बाजाराच्या टोकालाच त्यांचं जुनं कार्यालय होतं. पेपरवाला हौसेनं धावत गेला आणि सध्याच्या निरीक्षकाला घेऊन आला. हा अधिकारी भाऊजींच्याच हाताखाली तयार झालेला, म्हणजे कामाला चोख आणि माणुसकीला जरा कच्चा.

“तराजू जप्त,” तो म्हणाला. “गुन्हा नोंदवावा लागेल. मावशी, नाव?”

“माझं कशाला?” मावशीनं क्षणाचाही विलंब न लावता हातगाडीकडे बोट केलं. “तो तिथं लपलाय, त्याचं घ्या! त्यानं चिकटवलाय!”

सगळ्यांच्या माना वळल्या. हातगाडीमागून आधी टक्कल आणि मग गुंड्या, असे दोघं बाहेर आले.

“तू?” भाऊजी म्हणाले.

मग गुंड्याला सगळं ओकावं लागलं. गल्लीला दिलेला मंत्र, मास्तरांचा सासरा, सिस्टरचा ओरडा, लोहचुंबक. चहूकडे गर्दी, पुढ्यात अधिकारी. इज्जतीची जी काही शिल्लक होती ती पार धुतली गेली. “मरत नाही आहात हो तुम्ही!” शेवटी तो जवळजवळ रडतच म्हणाला. “गोळ्या घ्या, चाला, वर्गाला या, एवढंच म्हणालेत डॉक्टर! बाकीचं सगळं माझं!”

भाऊजी एका खोक्यावर बसले. मग त्यांचा हात छातीकडे गेला. न्हावी, पेपरवाला आणि मावशी एकदम पुढे झेपावले. भाऊजींनी खिशातून चष्मा काढला, डोळ्याला लावला आणि पोस्टमास्तरांकडे पाहिलं.

“मास्तर, तुम्ही माफी मागितलीत ती?”

“यानं सांगितलं म्हणून,” मास्तर म्हणाले. आणि इतके दिवस कोंडलेलं सगळं त्यांच्या तोंडून फुटलं. “पाणी माझं नाहीच! गच्चीवरून येतं! आणि त्या दिवशी बुद्धिबळात तुम्ही चार चालींत मेला असतात!”

“मी? तुमच्याकडून?”

“हो! डोळे झाकून!”

भाऊजी उभे राहिले. गुंड्यानं त्यांना दवाखान्यातून आणल्यापासून इतकं ताठ उभं पाहिलं नव्हतं. “म्हणजे,” ते हळूच म्हणाले, “खरंच काही झालेलं नाही मला.”

“झालंय,” गुंड्या म्हणाला. “पण सांभाळलं तर सांभाळता येतं. आत्ता दवाखान्यात चला, सिस्टर वाट बघतायत.”

“येतो. आधी हे उरकू दे.” भाऊजी अधिकाऱ्याकडे वळले. गुंड्याला वाटलं, आता भाऊजी शब्द टाकणार. शेवटी बायकोचा भाऊ. अधिकारीही अदबीनं म्हणाला, “साहेब, घरचा मामला आहे, तर समज देऊन…”

“समज?” भाऊजी कडाडले. “तराजूत फेरफार हा गुन्हा आहे! मावशीचा तराजू तिला लवकर सोडवून द्या, आणि याच्यावर खटला भरा. पंचनाम्यात ‘लबाड चेहऱ्याचा’ असं लिहा.”

“असं लिहायची सोय नाही, साहेब.”

“मग सोय करा! साक्षीदार मी. सुनावणी कधी?”

“तारखा लांबतात साहेब. वर्षसुद्धा जातं. आणि आपलं सुनावणीचं दालन आता सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद असते. तुम्हाला झेपेल का?”

भाऊजींनी गुंड्याकडे पाहिलं. तीच जुनी, खात्यातली नजर. “झेपेल,” ते म्हणाले. “याला दोषी ठरवल्याशिवाय मी मरत नाही.”

त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना तपासलं, खूप झापलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. भाऊजी नियमानं वर्गाला जाऊ लागले. “मला जिना चढता आला पाहिजे,” त्यांनी सिस्टरला बजावलं, “खटला आहे.” सिस्टरनी आधी सपाटीवर चालवलं, मग एक एक मजला करत जिन्यावर आणलं. ताई गोळी हातावर ठेवून नुसतं “तारीख जवळ आली,” म्हणाली की ती गटकन पोटात जायची. सिगारेट आठवली की भाऊजी पंचनाम्याची नक्कल वाचत बसायचे. गुंड्या घरी आला, की त्याला आरोपी म्हणून चहा मिळायचा, साखर कमी.

पहिल्या तारखेला गुंड्या दालनात वेळेआधी हजर झाला. अधिकारी कागद पुढे करून कुजबुजला, “अहो, कबूल करून टाका. किरकोळ दंड आहे. आज संपेल सगळं.”

गुंड्यानं पेन घेतलं. तेवढ्यात खालून जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, पण न थांबता. मधल्या मजल्यावर दम खायला थांबली नाहीत. मास्तरांना “तुम्हीच या मागून हळूहळू,” असं डिवचल्याचा आवाजही आला. पावलं वर वर येत राहिली.

गुंड्यानं पेन खाली ठेवलं.

“साहेब, माझी तयारी नाही,” तो म्हणाला. “पुढची तारीख द्या.”

“पुढची तारीख?” दारातून भाऊजी गरजले. कपाळावर घाम होता आणि तोंडावर रणांगणाचं तेज. “पळपुट्या! घे! पाहिजे तितक्या तारखा घे! दहा वर्षं घे! मी कुठंही जात नाही!”